भाऊसाहेबांची पोच

कुठलंही काम अडलं की त्याचा अर्ज नीट भरलेला नसतो, अशी भाऊसाहेबांची श्रद्धा आहे. नळाला पाणी नाही? अर्ज द्या. सूनबाई दोन दिवस बोलत नाहीत? लेखी खुलासा मागवा. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात काढलेल्या माणसाची ही श्रद्धा निवृत्तीनंतर अख्ख्या आळीला भोवणार होती. पण पुतण्यानं वहिनींच्या मेतकूट-भाजणी-लोणच्यांची वेबसाइट काढून दिली आणि वाईतले आम्ही शेजारी वाचलो. भाऊसाहेबांना गूगल सापडलं. गूगलला भाऊसाहेब सापडेनात, ही पुढची कथा.

साइट अकरा पानांची. पुतण्यानं पुण्याहून फोनवर समजावलं, ‘‘काका, गूगलचा रोबो एका लिंकवरून दुसरीवर जात पानं गोळा करतो. आपण नवे, आपली लिंक कुणीच दिलेली नाही. म्हणून साइटमॅप द्यायचा. आपल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक फाइल.’’

‘‘म्हणजे अर्जासोबत यादी जोडायची. विहित नमुना आहे का?’’

नमुना होता. गूगलनं तो २००५ मध्ये आणला आणि २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनंही मान्य केला. एकमेकांचे वैरी असलेले तिघे एका नमुन्यावर आले हे ऐकून भाऊसाहेब गहिवरले. त्यांच्या कचेरीत आवक आणि जावक ही लागून असलेली दोन टेबलं कधी एका नमुन्यावर आली नव्हती.

साइट ज्यावर उभी होती ते वर्डप्रेस ही फाइल २०२० पासून आपोआप बनवतं, हे पुतण्यानं सांगून पाहिलं. ‘‘आपोआप झालेल्या नोंदीवर सही कुणाची?’’ असं म्हणून भाऊसाहेबांनी ती नोटपॅडमध्ये एका बोटानं टाइप केली. एका पत्त्यात ‘अँड’चं चिन्ह तसंच राहिलं. ही फाइल ज्या एक्सएमएल भाषेत लिहितात तिला ते उघडं चालत नाही, त्याच्या जागी ठरलेला संकेत लिहावा लागतो. तेवढ्यावरून अख्खी फाइल परत आली. दुसरा कुणी वैतागला असता. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. ‘‘त्रुटी काढली! म्हणजे तिकडे वाचणारं कुणीतरी बसलंय.’’

त्रुटीपूर्तता झाली आणि जिथं ही फाइल द्यायची त्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फाइलसमोर ‘यशस्वी’ असं उमटलं. भाऊसाहेबांनी त्याची प्रिंट काढून बॉक्सफाइलला लावली. पोच मिळाली, आता काम होणारच. यादी वाचली म्हणजे पानं घेतली असं नव्हे, साइटमॅप ही नुसती सूचना आहे, हे गूगल स्वतःच सांगतं. पण पोच हातात असलेल्या माणसाला हे कोण पटवणार?

नमुन्यात प्रत्येक पानासमोर महत्त्वाचा आकडा घालता येतो, शून्यापासून एकपर्यंत. भाऊसाहेबांनी अकराही पानांना एक दिला. गूगल हा आकडा बघतच नाही, असं मी म्हटलं.

‘‘बरोबर आहे. ‘अतितातडीचे’ शिक्क्याची फाइल आम्ही तरी कुठं बघत होतो? पण शिक्का मारायचा असतो.’’

पान शेवटचं कधी बदललं ती तारीखही लिहिता येते. ही मात्र गूगल विचारात घेतं, ती खरी असते असं दिसलं तरच. भाऊसाहेब रोज चहा झाला की अकराही पानांवर त्या दिवसाची तारीख घालत. पानावरचा काना-मात्राही बदललेला नसे. पूर्वी फाइल बदलली की गूगलला लगेच वर्दी देण्याची एक सोयही होती. अशा वर्द्या बहुतेक निरुपयोगीच निघतात म्हणून गूगलनं २०२३ मध्ये ती बंद करायचं ठरवलं. त्या बातमीनं मात्र भाऊसाहेब खचले. स्मरणपत्रंच घ्यायची नाहीत म्हणजे काय?

खरा घोटाळा झाला तो मर्यादेपायी. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते बसतात, असं त्यांच्या वाचनात आलं.

‘‘आपले अकरा. म्हणजे ४९,९८९ शिल्लक!’’

मार्चअखेर अनुदान परत जाताना पाहिलेला माणूस तो. त्यांनी लिंबाच्या लोणच्याचं पाव किलोचं एक पान केलं, अर्ध्या किलोचं वेगळं, किलोचं वेगळं. मजकूर तोच, वजन तेवढं निराळं. मग भाजणीचं. मग मेतकुटाचं. या नव्या पानांची लिंक मुख्य पानावर कुठंच नव्हती. ती फक्त यादीत होती.

साइटमॅपला माझा विरोध नाही. साइट नवी असेल, पानं विखुरलेली असतील, तर त्याचा उपयोग होतो. पण पाचशेच्या आतली पानं एकमेकांना नीट जोडलेली असतील तर त्यावाचून भागतं, असं गूगलच म्हणतं. भाऊसाहेबांची पानं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती.

महिन्यानं सर्च कन्सोलनं उत्तर दिलं. त्याचा मतलब असा, की पत्ते कळले आहेत, सध्या सूचीत घेतलेले नाहीत. भाऊसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढला. नकार नाही, होकार नाही, मुदत नाही, आणि तो ‘सध्या’! ‘‘कोण आहे हो हा लिहिणारा? आमच्याकडे असता तर नायब तहसीलदार झाला असता.’’

दरम्यान वहिनींनी पुतण्याला फोनवर मेतकूट सांगितलं. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, जिरं, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण हरभऱ्याची डाळ वेळ खाते आणि तोवर जिरं करपतं. हळद, हिंग, सुंठ शेवटी. पुतण्यानं ते जसंच्या तसं एका पानावर घातलं आणि त्या पानाची लिंक मुख्य पानावर दिली. पांडवगड उतरून वहिनींकडे मऊभात-मेतकूट जेवून गेलेल्या ट्रेकवाल्या पोरांनी आपल्या साइटवर त्याच पानाची लिंक दिली. थोड्याच दिवसांत गूगलवर ते पान दिसू लागलं. तेवढं एकच.

‘‘पाठपुरावा केला म्हणून झालं,’’ भाऊसाहेब म्हणाले. प्रिंट काढून पोचेच्या मागं लावली. मग त्या पोरांना आभाराचा फोन केला.

‘‘बाळांनो, उपकार झाले. पण तुमच्या साइटला साइटमॅप दिसला नाही मला. मी बसवून देतो. पत्त्यांची यादी तेवढी दोन प्रतींत पाठवा. आणि हो, कव्हरिंग लेटर जोडा.’’