पिपचं डोकं

परवा दुपारी डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा लगेच म्हणाला, "काका, तुम्ही निघा घरी. मी बघतो सगळं." मुलगा सालस आहे, पण मला वॉली पिप आठवला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

पिप म्हणजे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. 1916 साली 12 आणि 1917 साली 9 होमरन मारून दोन्ही वर्षी अमेरिकन लीगमध्ये अव्वल. (हसू नका, तेव्हाचे चेंडूच मरगळलेले असत.) पहिल्या बेसचं काम थोरल्या सुनेचं. एक पाय बेसच्या पिशवीला चिकटवायचा, दुसरा फाकेल तितका फाकवायचा, तव्याएवढा हातमोजा पुढे धरायचा आणि बाकीच्यांनी धडपडत फेकलेलं पदरात घ्यायचं. फेक कुणाचीही वाकडी असो, चेंडू निसटला की लोक बघणार हिच्याकडेच.

2 जून 1925. पिपचं डोकं दुखत होतं, त्याने दोन अ‍ॅस्पिरिन मागितल्या आणि व्यवस्थापक मिलर हगिन्स म्हणाले, आज आराम कर. जागेवर उतरला 21 वर्षांचा लू गेरिग, आणि मग 1939 पर्यंत हललाच नाही. सलग 2130 सामने!

गोष्ट झकास, पण पुरती खरी नाही. संघ सपाटून हरत होता आणि हगिन्सनी त्या दिवशी एकट्या पिपला बसवलं नव्हतं. पिपच्या डोक्याला खरा मार बसला तो पुढे जुलैत, सरावात चेंडू लागून. तरी अ‍ॅस्पिरिनची गोष्ट म्हातारपणी पिप स्वतःच सांगत असे. माझा त्यावर जीव आहे तो एवढ्याचसाठी. बसवलं म्हणण्यापेक्षा डोकं दुखलं म्हणणं केव्हाही बरं. पुढे तो सिनसिनाटीकडून तीन हंगाम खेळला, पण ते कोण विचारतो?

2 मे 1939 ला डेट्रॉइटमध्ये आजाराने खंगलेल्या गेरिगने स्वतःहून नाव मागे घेतलं. पिप जवळच ग्रँड रॅपिड्सला राहायचा. त्या दिवशी तो सामना बघायला आला होता. गेरिगच्या जागी आलेल्या बेब डालग्रेनने होमरन मारला, यांकीज 22-2 ने जिंकले.

डोकं अजून ठणकतंय. मुलाने पुन्हा विचारलं. "गोळी आहे का रे?" म्हणणार होतो, जीभ चावली.