झोळीला किती गुण?

मध्य प्रदेशात पिथमपूरला ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धा गाजते. अभियांत्रिकीची पोरं वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागवून गाडी बांधतात आणि खडकांतून, चिखलातून पळवतात. 2015 पासून तिच्यात विजेवरची ‘ई-बाहा’ आली. गाडीसोबत फोटो, फोटोखाली ‘शाश्वत जीवनशैली’. पोरं हुशार आहेत, त्यात वादच नाही.

आमची सूचना एवढीच, की पुढची स्पर्धा नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत घ्या. शाश्वत जीवनशैली तिथे 1993च्या पावसाळ्यातच घरपोच मिळाली. सरदार सरोवर धरणाचं पाणी महाराष्ट्रात सगळ्यात आधी शिरलं ते याच गावात. पुढे धरण 138.68 मीटरपर्यंत चढलं, 2017 साली लोकार्पणही झालं. राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र मणिबेलीचं. निवडणुकीत मतदान यंत्र पाण्यावरून येतं. म्हणजे ईव्हीएम पोचतं, ईव्ही तेवढी राहिली.

यजमानांतर्फे दोन वाहनं उतरतील. पहिलं डोंगी : वल्ह्यावर चालते, धूर शून्य, आवाज शून्य. (सरकारी बार्ज डिझेल पिते, म्हणून ती बाद.) दुसरं वाहन झोळी. एक लांब बांबू, त्याला गाठ मारलेली चादर किंवा गोधडी, आत आजारी माणूस किंवा अडलेली बाई, पुढे-मागे खांदे. वर्तमानपत्रांनी तिचं ‘बांबूलन्स’ असं बारसंही केलंय. खर्चाच्या फेरीत हिच्यापुढे कुणी टिकणार नाही. चढाच्या फेरीत खांदेकरी दमला की दुसरा पुढे होतो, गिअर बदलल्यासारखा. बाहात दमसासाची फेरी चार तासांची असते. झोळीची दवाखाना येईपर्यंत. सुरक्षेत मात्र गुण कापले जातील. तिकडे चालकाला हेल्मेट नि पट्टे, इकडे चालकाच्या पायात चप्पल असली तर असली.

प्रमुख पाहुणे केवडियाहून बोलवावेत. धरणाच्या पायथ्याचं हे गाव फक्त विजेवरच्या वाहनांचं शहर होणार, अशी घोषणा पंतप्रधानांनी 5 जून 2021 रोजी केली. तिथे पर्यटक गुलाबी ई-रिक्षात बसून 182 मीटरचा पुतळा बघायला जातात. त्याच धरणाच्या मागे पाणी तुंबतं, त्या बाजूला मणिबेली. चार्जिंगचं म्हणाल तर या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा 27 टक्के वाटा आहे. नर्मदा पाणीवाटपाच्या लवादाने 1979 सालीच ठरवून दिलाय. अर्ज करून बघा.

विक्री सादरीकरणाच्या फेरीत झोळीवाले मार खाणार. ‘हे वाहन कोण विकत घेईल?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. ते वापरणाऱ्यालाही नको असतं.

म्हणून पोरांनो, येताना वेल्डिंग मशीनही आणा. खडकांवरून न उलटता जाणारी, चढ चढणारी, चिखलात न रुतणारी गाडी तुमच्याकडे तयारच आहे. मागे एक माणूस आडवा मावेल एवढी चौकट जोडली की काम झालं. याच तालुक्यातल्या मोलगीच्या बाजूच्या कुठल्याही पाड्यावर विचारा, चाचणीला रुग्ण मिळेल.

पण नियमपुस्तिकेत गाडी एकाच आसनाची हवी, असं स्पष्ट लिहिलंय. मागे कुणी निजलेलं दिसलं की संघ बाद.