नाना आणि अनामिक कॅपिबारा

तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय असलं की तिथे एक नाना असतातच. जन्मदाखल्यावर काहीही नाव असो, गावाच्या तोंडी नाना. टेबलामागच्या भिंतीवर रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे 1931 सालचे पाच नियम फ्रेम करून लावलेले. त्यांच्या खाली नानांचा स्वतःचा सहावा : 'पुस्तकात खुणा करू नयेत.' नाना ज्या शिस्तीत वाढले, त्या शिस्तीत लिहिण्याचा हक्क ग्रंथपालाचा आणि वाचण्याचा वाचकाचा. दाखल नोंदवहीत आकडा चुकलाच, तर खाडाखोड नाही. लाल शाईची एक आडवी रेघ, शेजारी सही, खाली तारीख.

अशा माणसाला संगणकाच्या कार्यशाळेत बसवून कोणीतरी सांगितलं, की इंटरनेटवर इथून पुढे सगळ्यांनी मिळून लिहायचं असतं. नानांनी हात वर करून विचारलं, "मग सही कोणाची?"

कार्यशाळा घेणाऱ्यांना वाटतं, ही माणसं संगणकाला भितात. साफ चूक. नानांनी परत आल्या आल्या पहिलं काम केलं ते म्हणजे 'पासवर्ड नोंदवही' उघडली. रकाने पाच : अनुक्रमांक, संकेतस्थळ, पासवर्ड, बदलण्याचे कारण, ग्रंथपालाची सही. वही कुलपात असते. कुलपाची किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला असते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण नोंद चोख आहे.

मग सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नानांचा पहिला संदेश : 'शांतता राखा.' सभासद आज्ञाधारक, त्यामुळे आठवडाभर ग्रुपवर चिटपाखरू फिरकलं नाही. वाचनालय कसं छान चाललंय, असं नाना समाधानाने सांगत होते. तेवढ्यात एका निवृत्त मास्तरांनी उगवत्या सूर्यासह शुभ सकाळ पाठवली. वाचकाचा वेळ वाचवण्याचा रंगनाथनांचा चौथा नियम मोडला म्हणून नानांनी त्यांना काढून टाकलं. परत घ्यायला अट एकच, लेखी अर्ज. आणि तो ग्रुपवर नाही, काउंटरवर. मास्तरांनीही हट्टाला पेटून फुलस्केपवर अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक पडला आणि दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा उगवला.

खरी कसोटी लागली ती पुस्तक मागणीच्या यादीत. पुस्तकं अनुदान आल्यावर यायची, पण यादी तरी सामुदायिक असावी, म्हणून वाचनालयातल्या लिपिक ताईंनी गूगल शीट करून त्याची लिंक वाटली. संध्याकाळी नाना पाहतात तर वर कोपऱ्यात गोल चिन्ह : 'अनामिक कॅपिबारा'. लॉग-इन न करता लिंक उघडणाऱ्याला गूगल असं एखाद्या प्राण्याचं सोंग देतं, हे ताईंनी समजावून सांगितलं. नानांना ते पटलं नाही. त्यांनी ज्ञानकोश काढला. कॅपिबारा हा दक्षिण अमेरिकेतला, कुरतडणाऱ्या प्राण्यांत जगात सर्वांत मोठा.

"ड्यूईच्या वर्गीकरणात हा 599 मध्ये बसतो, ताई. आपल्या सभासद नोंदवहीत कुठे बसतो? अनामत भरलीय का याने?"

त्याच रात्री कॅपिबाऱ्याने यादीत रहस्यकथा घातल्या. शिवाय तो कुरतडणारा निघाल्याने नानांना यादीच्या भवितव्याची काळजी लागली.

फेसबुक मात्र त्यांना लगेच जमलं. सभासदांचे फोटो ते माणसांसाठी पाहतच नाहीत. बारशाच्या फोटोला लोक 'अभिनंदन' लिहितात. खाली नानांची प्रतिक्रिया असते : 'पाळण्यामागील फळीवर डावीकडून तिसरे पुस्तक वाचनालयाचे आहे. मुदत संपून सात महिने झाले. बाळास आशीर्वाद.' जी पुस्तकं पोस्टकार्डांना दाद देत नव्हती, ती चार दिवसांत परत आली. आता गावात फोटो काढण्याआधी लोक फळीवर चादर टाकतात.

मराठी विकिपीडियावर गेले तेव्हा मात्र नाना हरखलेच. 2003 च्या महाराष्ट्र दिनापासून चालू असलेला एवढा मोठा कारखाना, आणि कोणीही यावं, काहीही बदलावं! पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ताईंनी 'इतिहास पहा' दाखवलं. कोणी, कुठल्या तारखेला, किती वाजता, काय खोडलं, खोडलेलंसुद्धा शाबूत. नाना बराच वेळ ते पान खालीवर करत राहिले. "कोणीतरी आपल्यातलाच बसलेला दिसतो तिथे," ते म्हणाले.

उत्साहाच्या भरात त्यांनी आपल्या वाचनालयावर लेख लिहिला. त्यातल्या वाक्यावाक्यापुढे कोणीतरी 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून गेलं. दुसरा कोणी चिडला असता. नानांना एवढा मान आयुष्यात कोणी दिला नव्हता. आपल्याइतकाच चिकित्सक माणूस भेटल्याच्या आनंदात त्यांनी पेढे वाटले. तेव्हापासून ग्रुपवर कशाचीही धडगत नाही. मधुमेहावर कारल्याचा रस? संदर्भ हवा. कोण्या ज्येष्ठ लेखकाच्या निधनाची बातमी आली आणि भावपूर्ण श्रद्धांजल्यांची रांग लागली, तिथेही नाना एकटेच : संदर्भ हवा. लोक खवळले. संध्याकाळी ते लेखक ठणठणीत निघाले. श्रद्धांजल्या घाईघाईने पुसल्या गेल्या, तेव्हा नाना म्हणाले, पुसू नका, लाल रेघ मारा.

वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नवीन तंत्रज्ञानाचा वापर करता का?" नानांनी कपाटातून जाडजूड ग्रंथ काढला. ग्रुपवरची वर्षभराची सगळी चॅट एक्सपोर्ट करून छापलेली, कापडी पुठ्ठ्यात बांधलेली, ठरावीक गुप्त पानावर शिक्का मारलेली. पाठीवर दाखल क्रमांक होता. साहेबांनी कौतुकाने तो चाळला आणि घरी नेऊन वाचू का, असं विचारलं.

"संदर्भ विभाग आहे, साहेब," नाना म्हणाले. "इथेच बसून वाचावा लागेल."