गाडी लागली काय?

आमच्या पातूरची पोरं रेणुकामातेची टेकडी धावत चढतात, पण इंग्रजीतलं फ्रेजल व्हर्ब दिसलं की त्यांना दम लागतो. क्रियापद साधं, त्याचं शेपूटही चिमुकलं. पण दोघं मिळून काय करतील याचा नेम नाही. ‘मेक अप’चंच घ्या. आपल्याकडे नवरीच्या चेहऱ्यावर दोन तास जे चालतं, तो मेकअप. इंग्रज मात्र ‘मेक अप’नं भांडण मिटवतो, थापा रचतो, बुडालेला तास भरून काढतो आणि मनाचा निश्चयसुद्धा त्यानंच करतो. ‘भांडणानंतर नवराबायकोनं मेक अप केला’ असं फळ्यावर आलं की मुली हसतात आणि मुलं बिचारी त्या नवऱ्याच्या चिंतेत पडतात.

यात पोरांचा दोष नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली इंग्रजीचा कोश काढला, तेव्हाच त्यांनी प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं की परक्यांना सगळ्यात जास्त छळतात ती ही शेपटीवाली क्रियापदं.

पण आपण तरी कुठं साधे? अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूर लागतं, पुढं घाट लागतो, आणि घाटात निम्म्या एसटीला गाडी लागते. स्टँडवर एकानं विचारलं, “काहो भाऊ, वाशीमची गाडी लागली काय?” खिडकीशी लिंबू हुंगत बसलेला गडी म्हणाला, “अजून नाही. मले तं घाटातच लागते!”

पोरगं कामाला लागलं की बाप पेढे वाटतो, नादी लागलं की कपाळाला हात लावतो. डोळा लागला तर माणूस झोपतो, वाटेकडे डोळे लागले तर रात्रभर जागतो. बोअरला पाणी लागतं, निकाल लागतो, लॉटरी लागते आणि कशाचीही वाट लागते. हे सगळं आमची आजी एकही तक्ता पाठ न करता बोलायची. तिच्या हाती कोणी ‘लागणे’च्या अर्थांची यादी दिली असती, तर तीही मराठीत नापास झाली असती.

म्हणून गुरुजी, फ्रेजल व्हर्बच्या याद्या घोकून घेणं थांबवा. गोष्टी सांगा, इंग्रजीतून थोडं भांडू द्या, थापाही मारू द्या. ‘गाडी लागली’ ऐकून पिशवी घेऊन धावायचं की लिंबू पुढं करायचं हे ज्या पोराला बरोबर कळतं, त्याला इंग्रजी जड नाही. जड आहे ती यादी.