निकषकाका

सचिन मोठा की लारा, हा प्रश्न निकषकाकांना कुणी विचारावा लागत नाही. उत्तर ते खिशात घेऊनच फिरतात आणि दुधाच्या रांगेत, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला, जिथे कुठे दोन पुरुष निवांत सापडतील तिथे बाहेर काढतात. लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत तर त्यांचा अख्खा रिकी पाँटिंग निकालात निघतो. "२००१ चा भारत दौरा. पाच डाव. एकूण धावा किती? सतरा! तेरा हजार केल्या असतील हो त्याने, पण एकदा हरभजनला विचारा." दार उघडतं, पाँटिंग संपतो, आपण भाजीची पिशवी सावरत बाहेर पडतो.

दादर-पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत, आणि हल्ली न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळातसुद्धा, असे एक तरी काका असतातच. आमच्या सोसायटीतले निवृत्त आहेत. म्हणजे नोकरीतून.

निकष आधी आणि निष्कर्ष मग, असं शाळेत शिकवतात. काकांकडे मुलगी आधी पसंत पडते आणि पत्रिका मग जुळवली जाते. छत्तीसपैकी किती गुण यायला हवेत, ते भटजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं. पसंत पडलेलं स्थळ अर्थातच सचिन. २०० कसोटी, १५,९२१ धावा, ५१ शतकं. इथपर्यंत जगात कुणाचं काही म्हणणं नाही. भानगड सुरू होते ती सरासरीपाशी. सचिनची ५३.७८. संगकाराची ५७.४०, कॅलिसची ५५.३७. मग काय करायचं? काका अशा वेळी डगमगत नाहीत. संगकारा सुरुवातीला यष्टिरक्षण करायचा, त्यामुळे त्याची रवानगी यष्टिरक्षकांच्या यादीत. कॅलिसने २९२ बळी घेतलेत, म्हणजे तो गोलंदाज. स्टीव्ह स्मिथलाही त्यांनी लेगस्पिनरांत ढकलून पाहिलं. २०१० मध्ये लॉर्ड्सवर तो आठव्या क्रमांकावर खेळणारा लेगस्पिनर म्हणूनच आला होता, हे धावफलकासकट सांगितलं. पण ते काही पचलं नाही.

खरा घोळ घरातूनच झाला. विनोद कांबळीची सरासरी ५४.२०. सतरा कसोटींतली असली तरी सचिनपेक्षा जास्तच! तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी हा आकडा भर गणेशोत्सवाच्या बैठकीत, वर्गणीचा विषय चालू असताना बाहेर काढला. काकांनी जागच्या जागी किमान वीस कसोटींची अट घातली आणि ठराव मंजूर झाल्यासारखे टेकून बसले. बँकवाल्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "ॲडम व्होजेस. बरोबर वीस कसोटी. सरासरी ६१.८७. म्हणजे ब्रॅडमनच्या खालोखाल हाच की हो?" जिन्यातून खाली उतरेपर्यंत अट पंचवीसवर गेली होती. वर्गणी मात्र तेवढीच राहिली.

काकांकडे विमा कंपनीची एक जुनी डायरी आहे. 'घरी', 'परदेशी', 'चौथा डाव' असे रकाने पट्टीने आखलेले. शाई तीन रंगांची: सचिन निळ्या, लारा हिरव्या आणि पाँटिंगचे ते सतरा लाल. बांगलादेश आणि झिम्बाब्वेविरुद्धच्या धावा मात्र शिसपेन्सिलीने, कारण त्या वेळप्रसंगी खोडाव्या लागतात. इतरांच्या पानांवर तिथे कागद झिजून पार पातळ झालाय. सचिनची सर्वोच्च धावसंख्या, नाबाद २४८, ही २००४ मधली आणि नेमकी ढाक्यातली. तेव्हापासून ढाका हे काकांच्या मते परदेश दौऱ्यातलं अवघड ठिकाण आहे.

बँकवाले हे त्यांचे पिढीजात प्रतिस्पर्धी. ते द्रविडचे. द्रविड कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळला, दुसरं कुणीही एवढं खेळलेलं नाही. आणि समोरच्याला ताटकळत ठेवण्याचं बँकवाल्यांना कौतुक असणं स्वाभाविकच आहे. २००८ मध्ये सिडनीला द्रविड १८ धावांवर चाळीस चेंडू अडला आणि एकोणिसावी धाव निघाली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे ते इतक्या तृप्तीने सांगतात की ऐकणाऱ्याला जांभई दाबावी लागते.

एकदा त्यांनी लॉर्ड्सचा विषय काढला. तिथे कसोटीत सचिनची सर्वोच्च धावसंख्या ३७. काका म्हणाले, मैदानच उतरतं आहे. आहे ते खरंच. लॉर्ड्सच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडीच मीटरचा उतार आहे. "मग वेंगसरकरने त्याच उतारावर तीन शतकं ठोकली ती?" वेंगसरकर आपलाच असल्यामुळे काकांना काही बोलता येईना. तेव्हा त्यांनी निकषच त्याच्या टोकापर्यंत नेला. लॉर्ड्सवर कसोटी शतक कुणाचं नाही? गावसकरचं नाही, लाराचं नाही, पाँटिंगचं नाही, कॅलिसचं नाही. आणि कुणाचं आहे? अजित आगरकरचं, नाबाद १०९, साल २००२. "घ्या! करा आता आगरकरला जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज!" मला विचाराल तर काकांनी आयुष्यात एवढा चोख युक्तिवाद दुसरा केलेला नाही. फक्त तो इतर निकषांनाही लागू पडतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

पण खरी गंमत १९९९ ची. त्या वर्षी दोन महिन्यांच्या आत दोन चौथे डाव झाले. चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध २७१ हवे असताना सचिनच्या १३६. ब्रिजटाउनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३०८ हवे असताना लाराच्या नाबाद १५३. आपण बारा धावांनी हरलो, वेस्ट इंडीज एका गड्याने जिंकलं. काका चेन्नईचा डाव सांगायला लागले की हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र येतं आणि दुसरा हात कमरेवर जातो, कारण सचिनची पाठ दुखत होती. दोन-चार फटके मारेपर्यंत काकांची खरोखरच दुखायला लागते. सकलेनला उंच मारलेला तो शेवटचा फटका, खाली वसीम अक्रम. तिथे वर्तमानपत्र खाली येतं. "सतरा हव्या होत्या हो. तीन गडी हातात. केल्या किती? चार!"

"पण लारानं जिंकून दिलं," बँकवाले हळूच म्हणतात.

"लारानं नाही, वॉल्शनं! अकरावा वॉल्श उभा राहिला. कसोटीत सगळ्यात जास्त, त्रेचाळीस भोपळे घेणारा माणूस त्या दिवशी बाद झाला नाही, ही काय लाराची कर्तबगारी? आणि हीलीने लाराचा झेल सोडला, ते?"

गंमत पुढेच आहे. याच लाराने २००१ मध्ये श्रीलंकेत तीन कसोटींत ६८८ धावा कुटल्या आणि वेस्ट इंडीज तिन्ही हरलं. त्यावर काकांचा निकाल: संघ हरतो तेव्हा त्या धावांना काय चाटायचंय? म्हणजे लारा हरला की लाराचा दोष, सचिन हरला की उरलेल्या दहांचा. हे बँकवाल्यांनी बोलून दाखवलं तेव्हा काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डायरीत 'साथीदारांचा दर्जा' असा नवा रकाना आला.

पुतण्याशी त्यांचं भांडण वेगळंच. पोरगा स्मिथचा भक्त, मोबाइलवर आकडे फेकणारा. २०१९ च्या ॲशेसमध्ये स्मिथने चार कसोटींत ७७४ केल्या, हे त्याने अभिमानाने सांगितलं, आणि काकांचे डोळे चमकले. कारण १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये गावसकरच्याही बरोबर ७७४, त्याही चारच कसोटींत! दोघांचीही पाचांतली एक कसोटी हुकली होती: गावसकरची बोटाच्या दुखण्याने, स्मिथची आर्चरचा चेंडू मानेवर बसल्याने. एवढा योग जुळून आला म्हणजे बरोबरी मानून चहा घ्यावा की नाही? छे.

"सरासरी बघ. सुनीलची १५४.८०, तुझ्याची ११०.५७. आणि डोक्यावर हेल्मेट नाही."

"तेव्हा समोर बोलर कोण होते, काका? हॉल-ग्रिफिथ संपलेले, रॉबर्ट्स-होल्डिंग अजून आलेले नाहीत."

ही माहिती बरोबर असल्यामुळे काकांनी ती ऐकली नाही. "शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०, आणि दाढ ठणकत होती. ठणकत! स्मिथची दाढ दुखत होती का?"

"अहो, त्याची मान—"

"मान दुखली तर माणूस कूस बदलून झोपतो. दाढेला कूस नसते, गाढवा!"

मी एकदाच मध्ये पडलो. म्हटलं, काका, मला सचिनचा सर्वांत मोठा डाव वाटतो तो २००४ चा सिडनीचा. नाबाद २४१, ४३६ चेंडू, आणि कव्हर ड्राइव्हवर बाद होतोय म्हणून तो फटका जवळजवळ टाकूनच दिलेला. आयुष्यभराचा लाडका फटका दहा तास बाजूला ठेवायचा, हे लाराला किंवा स्मिथला जमलं असतं का, कुणास ठाऊक. काका खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी डायरी चाळली, पेन उघडलं, बंद केलं. "मान्य. पण न मारलेला फटका मांडायचा कुठल्या रकान्यात?"

सध्या त्यांना झोप नाही ती जो रूटमुळे. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला त्याने पाँटिंगला मागे टाकलं. आता वर फक्त एकच नाव. 'ऑस्ट्रेलियात शतक नाही' हा काकांचा वर्षानुवर्षं जपलेला हुकमाचा पत्ता त्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला फाडून टाकला. 'इंग्लंड कसोट्याच फार खेळतं' हेही काकांनी म्हणून पाहिलं; बँकवाल्यांनी '२०० कसोटी' एवढंच पुटपुटून चष्मा पुसायला घेतला.

पण काका गाफील नाहीत. नवा निकष तयार आहे, डायरीत निळ्या शाईने उतरलाय: पदार्पण सतराव्या वर्षाच्या आत, पाकिस्तानात, आणि त्याच मालिकेत वकारचा चेंडू नाकावर बसून रक्त आलेलं असावं. त्यानंतरच्याच धावा धरायच्या. यादीत तूर्त एकच नाव आहे. किमान कसोटींची अट काकांनी मोठ्या मनाने काढून टाकली आहे.