अगं बाई, मोऱ्याहून चाकू!

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आमच्या ह्यांनी चाकू मागवलाय.

दचकू नका, घरात सगळं आलबेल आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कांदा चिरायला सांगितला की "आपली सुरी कुठे असते गं?" यापलीकडे ज्या माणसाची मजल गेली नाही, त्याने थेट स्वीडनचा चाकू मागवलाय. कशाला, तर आउटडोअरला. म्हणजे बघा, घरात चिरायचं नाही, चिरायला डोंगरावर जायचं!

पार्सल आलं तेव्हा हे आंघोळीला गेले होते, म्हणून मीच घेतलं. "कुठून आलंय?" मी मोरीच्या दाराशी जाऊन विचारलं. आतून आवाज आला, "मोरा!" मला वाटलं, उरणचं मोरा. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते ते. म्हटलं सुकट-बोंबील मागवले असतील. उघडून पाहते तर नारिंगी मुठीचा, वीतभर लांबीचा, प्लॅस्टिकच्या म्यानातला चाकू. वासाला म्हणून बोंबील नव्हते.

तर हे मोरा स्वीडनमधलं. दालार्ना प्रांतात, सिल्यान नावाच्या तळ्याच्या काठी. तिथे फ्रॉस्ट-एरिक एर्सन नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये कारखाना काढला तो लाकूड वाहायच्या घसरगाड्यांचा. चाकू हा जोडधंदा. पुढे गाड्या राहिल्या बाजूला आणि चाकूच जगभर गेले. हे सगळं मला पाठ झालंय, कारण गेला महिनाभर जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नाही. स्वीडनमध्ये हा चाकू म्हणे सुतार, शेतकरी, कोळी, शाळेतली पोरं, सगळे वापरतात. आपल्याकडे पाना-पक्कड असते तसा. त्याचं कौतुक तिथे कुणी करत नाही. ते करायला आमची सोसायटी आहे.

हो, एकट्या ह्यांना नावं ठेवून कसं चालेल? लागण अख्ख्या बिल्डिंगला झालीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर तो बेअर ग्रिल्स आपल्या पंतप्रधानांना घेऊन जिम कॉर्बेटच्या जंगलात फिरताना दिसला ना, तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या भावजींनी खुर्चीत बसून जंगलात जगायची तयारी चालवलीय. रोग ओळखायची खूण सांगू? डावा हात बघायचा. मनगटापासून कोपरापर्यंत मध्येच टक्कल पडलं असेल तर समजायचं, त्यांच्याकडेही चाकू आला. धार लागली की नाही ते हे लोक हातावरचे केस भादरून बघतात! समोरच्या वहिनी बिचाऱ्या त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेऊन बसल्या होत्या. मीच म्हटलं, "अहो, आधी कपाटातले मोजे उचलून बघा." निघालेच की दोन. एक गुंडाळलेला, एक अजून खोक्यात.

आणि यांच्यात गट किती! पहिला गट स्टेनलेसवाल्यांचा, दुसरा कार्बन पोलादवाल्यांचा. कार्बनवाले म्हणणार, आमची धार निसण्यावर चार हात मारले की लागते. स्टेनलेसवाले म्हणणार, पावसाळ्यात दोन दिवस बॅगेत राहू द्या, मग तुमची धार गंजातून शोधा. आता यात भांडण्यासारखं काय आहे? आपल्या घरात जुन्या लोखंडी विळ्या होत्या. चिंच-लिंबू चिरलं की पातं काळं पडायचं, ओली ठेवली की तांबेरा चढायचा, म्हणून पुसून तेलाचं बोट फिरवायचं. हे ज्याला जमतं त्याने कार्बन घ्यावा. ज्याचा ओला टॉवेल अजून पलंगावर पडतो, त्याने मुकाट्याने स्टेनलेस घ्यावा. ह्यांचा स्टेनलेसच आहे, हे नशीब.

तिसरा गट सगळ्यात कडवा. फुल टँगवाला. पात्याची जी शेपटी मुठीत शिरते, ती मुठीच्या टोकापर्यंत पाहिजे, तेवढ्याच रुंदीची पाहिजे, नाहीतर चाकूच नाही म्हणे. का? तर बॅटनिंग करताना मोडेल. बॅटनिंग म्हणजे पातं ओंडक्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या ओंडक्याने त्याच्या पाठीवर हाणायचं, लाकूड फुटतं. मी एवढंच विचारलं, "मग कुऱ्हाड कशाला काढली देवाने?" त्यावर सगळे गप्प. ह्यांच्या चाकूची शेपटी मुठीत अर्धवटच जाते, पण दोरी कापायला, काठी तासायला, काकडी चिरायला काही अडत नाही. या मंडळींनी वर्षभरात फोडलेलं सगळ्यात टणक लाकूड म्हणजे आइस्क्रीमची काडी.

पैशांचं तर विचारूच नका. ह्यांचा त्यातल्या त्यात स्वस्त. पातं १०४ मिलिमीटर, म्हणजे चार इंचांच्या किंचित वर, आणि जाडी अडीच मिलिमीटर. रोजच्या कामाला एवढं रग्गड झालं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या भावजींनी पाच मिलिमीटर जाडीचा घेतला, दसपट पैसे मोजून. म्हणाले, "वहिनी, याने दरवाजा उचकटता येतो." मी म्हटलं, "कुणाचा?" त्या चाकूने त्यांनी गेल्या रविवारी गच्चीवर गाजर कापून दाखवलं. गाजर कापलं गेलंच नाही; मध्येच कडकन फुटून अर्धं पाण्याच्या टाकीखाली गेलं. पाचरीच्या आकाराचं जाड पातं आणखी काय करणार? फुशारकी अशी की त्यांचं पोलाद ५१६० नंबरचं, अस्सल, कणखर. आता हे ५१६० म्हणजे काय, तर ट्रकच्या कमानपाट्यात वापरतात त्या जातीचं. आणि आपल्याकडचे लोहार कोयते कशाचे घडवतात? भंगारातल्या कमानपाट्यांचे! कोकणात माझ्या मामाच्या कमरेला आकडीत जन्मभर कोयती लटकत होती. माडावर चढताना, कुंपण घालताना, नारळ सोलताना तीच. मामा गेला, पण आपण इतक्या भारी पोलादाचे धनी आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

एक मात्र मला पटलं, आणि हे मी ह्यांच्यासमोर कबूल करणार नाही. मिटणारा चाकू भरवशाचा नसतो. जोर दिला की कधी बोटावर मिटेल सांगता येत नाही, आणि बिजागरीत माती-वाळू गेली की उघडायला दात लागतात. न मिटणाऱ्याला हा ताप नाही. धुवायचा, पुसायचा, म्यानात घालायचा. पण मग खरं बघायचं ते म्यानच ना! उलटा धरून झटकला तर पडता कामा नये, आणि तळाला पाणी निथळायला भोक हवं. चामड्याचं म्यान दिसायला राजेशाही. आपल्या पावसात त्याला चार दिवसांत बुरशी येते आणि आत पातं गंजत बसतं. मूठ ओल्या हातात सरकता कामा नये, आणि रंग असा हवा की गवतात पडली तर दिसेल. काळे चाकू घेणाऱ्यांनी एक तरी काळा चाकू करवंदीच्या जाळीत गमावलेला असतो. एवढं बघितलं की झालं. पाच मिनिटांचं काम. याला ह्यांनी तीन महिने, दोन वह्या आणि माझी झोप घातली.

बरं, आता खरी खमंग गोष्ट. आमच्या चौथ्या मजल्यावर वकील भावजी आहेत. सगळे चाकूवाले एका शनिवारी हरिश्चंद्रगडाला निघाले, कमरेला चाकू लावून, तेव्हा लिफ्टमध्ये ते भेटले. म्हणाले, "नऊ इंचांहून लांब नाही, दोन इंचांहून रुंद नाही, म्हणजे शस्त्र नियमांच्या यादीतून सुटलात. पण पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असला, तर रस्त्यात चाकू मिरवता येत नाही. आणि जाताय कुठे? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात? वन्यजीव कायदा, १९७२, कलम ३१. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आणि त्या कायद्यात शस्त्र म्हणजे काय, ते वाचा. चाकू हा शब्द लिहिलेलाच आहे त्यात."

अहो, काय सांगू! लिफ्ट तळमजल्याला पोचली, दार उघडलं, आणि कुणीच बाहेर येईना. सहा जण पुन्हा वर गेले. जंगलात जगायला निघालेल्या या वीरांपैकी, जंगलात चाकू न्यायची परवानगी आहे का, एवढं मात्र कुणी विचारलं नव्हतं. वासोटाही बाद झाला, तो कोयना अभयारण्यात. शेवटी गाडी राजगडाकडे वळली. चाकू सॅकच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून, त्यावर दशम्यांचा डबा.

पुढचं मला ह्यांनी सांगितलेलं नाही. ह्यांचे मित्र फितूर झाले. गडाच्या वाटेवर एक आजीबाई काकड्या आणि ताक घेऊन बसल्या होत्या. हातात चाकू एवढासा. पाजवून पाजवून पातं इतकं झिजलेलं की विळ्याच्या चंद्रकोरीसारखं झालेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. काकडी तळहातावर धरून उभ्या चार फाका, मीठ-तिखट, पुढचं गिऱ्हाईक. ह्यांना राहवलं नाही. सॅक उपसली, दशम्या खाली ठेवल्या, टॉवेल सोडला आणि चाकू काढून म्हणाले, "आजी, हा घ्या, याने कापून बघा."

आजीबाईंनी अंगठा धारेवर आडवा फिरवला. एक काकडी कापली. "बरा हाय की," म्हणाल्या. मग विचारलं, "केवढ्याला घेतला?"

आता बघा गंमत. मला ह्यांनी आठशे सांगितले होते. खोक्यातलं बिल मी वाचलंय, त्यावर एकोणीसशे आहेत. ह्यांनी आजीबाईंच्या चाकूकडे पाहिलं, त्यांच्या टोपलीकडे पाहिलं आणि जरा घुटमळून म्हणाले, "दीडशे."

आजीबाईंनी चाकू परत ह्यांच्या हातात दिला.

"दीडशे? फशिवलं की वं तुमास्नी!"