ही विजार बसून बघावी

इंग्रज माणूस पायांची जेवढी काळजी घेतो तेवढी डोक्याची घेत नाही, असं सॉमरसेटमधल्या मुक्कामात माझं मत झालं. चिखल, काटे, उंदीर, घोड्याचा घाम, सगळे शत्रू खालूनच येतात याची त्याला खात्री असते. जुन्या काळचे शेतमजूर कॉर्डरॉयच्या जाड पँटला गुडघ्याखाली चामड्याचा पट्टा, नाहीतर चक्क सुतळी बांधत. त्याने पँटचे काठ चिखलापासून वर राहत, वाकताना गुडघ्यावर कापड ताणलं जात नसे आणि धान्याची गंजी मोडताना एखादा उंदीर आत शिरलाच, तर त्याचा प्रवास गुडघ्यापाशी संपत असे. मागून ही पँट कमरेच्या बरीच वर चढलेली, गॅलिसला टांगलेली. माणूस कितीही वाकला तरी पाठ झाकलेलीच. आमच्या प्लंबरला अशी पँट स्वखर्चाने शिवून द्यायची माझी तयारी आहे.

खरी करामत मात्र घोडेस्वाराच्या ब्रीचेसची. मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गलबताची शिडं फुगलेली असत, तो निव्वळ डौल नव्हे. लोकरीचं कॅव्हलरी ट्विल ताणलं जात नाही. मांडी फाकवून, गुडघा मुडपून बसायचं तर जास्तीचं कापड कुठेतरी साठवायला हवं. ते मांडीवर साठवलं. गुडघ्याखाली मात्र घट्ट, कारण तिथे चुणी पडली की बुटाच्या आत सालटं निघतं. गुडघ्याला आतून मऊ चामडं, खोगिरावर पकड राहावी आणि कापड झिजू नये म्हणून. बटणं नडगीच्या पुढच्या अंगाला, कारण आतल्या अंगाला लावली तर खोगिरावर दाबून पायात रुततील. सगळं माप बसलेल्या माणसाचं! म्हणून जाणते शिंपी गिऱ्हाइकाला लाकडी घोड्यावर बसवून फिटिंग बघत.

एका जुन्या दुकानात मलाही बसवलं. घोड्यावर मी सरदार दिसत होतो. उतरलो आणि सगळं कापड बुडाशी येऊन लोंबायला लागलं. विक्रेता सभ्यपणे छताकडे बघू लागला. बायको म्हणाली, "अहो, कुणाची घातलीत ही?" घोड्यासकट घरी नेता येईल का, असं मी विचारून पाहिलं. किंमत ऐकल्यावर घोडाही त्यातच धरला असावा असं वाटलं.

साहेबाला सुटसुटीतपणा शिकवला जोधपूरच्या सर प्रताप सिंहांनी. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला ते लंडनला गेले, तेव्हा त्यांची विजार मांडीला ढगळ आणि पोटरीपासून घोट्यापर्यंत चपखल होती. तिला उंच बूट लागतच नाहीत. लंडनच्या शिंप्यांनी मुकाट्याने कित्ता गिरवला.

बुटांवरून आठवलं. सॉमरसेटमध्येच वेलिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या फॉक्स ब्रदर्सच्या गिरणीने इंग्रजी फौजेच्या पायांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या विणल्या. याच गावावरून किताब घेतलेला ड्यूक म्हणजे 1803 साली आपल्या जालन्याकडे, असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. त्याच्या नावाचे चामडी बूट पुढे रबरी झाले आणि आज सगळं इंग्लंड तेच घालून चिखल तुडवतं. असईचं पुढे काय झालं, ते त्यांना विचारू नये.

ताणणारं नायलॉन आलं आणि मांड्यांवरची शिडं उतरली. नव्या ब्रीचेस उभ्या माणसालाही बऱ्या दिसतात, पण तेवढ्यासाठी घोडा पाळणं मला परवडणार नाही. माझ्यासारख्या पायी चालणाऱ्यांनी कॉर्डरॉयच घ्यावं. धुताना तेवढं उलटं करून धुवा, नाहीतर रेघांवरची लव जाते.